पंचविशीतला पार्किन्सोनिझम: आधी काय शोधायचं?

प्रश्न असा आला आहे: "माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. दोनेक वर्षांपासून त्याच्या हालचाली मंदावल्या आहेत. चालताना डावं पाऊल आत वळतं, अक्षर बारीक झालं आहे, चेहरा गोठल्यासारखा वाटतो. एमआरआय नॉर्मल आला. न्यूरॉलॉजिस्टनी कागदावर 'तरुण वयातला पार्किन्सोनिझम' असं लिहून लेवोडोपा सुचवलं आहे. एवढ्या लहान वयात हे कशामुळे होतं? कोणते दुर्मीळ आजार असू शकतात? कोणत्या तपासण्या करून घ्यायच्या? आणि लेवोडोपा इतक्या लवकर सुरू केलं तर पुढे औषधच उरणार नाही असं कुणी तरी सांगितलं, ते खरं का?"

लेवोडोपाचा, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणाऱ्या औषधाचा, प्रश्न मी शेवटीच घेते. आधीचा भाग जास्त तातडीचा आहे.

'पार्किन्सोनिझम' हा शब्द 'ताप' या शब्दासारखा वाचा. ताप मलेरियाचाही असतो, टायफॉइडचाही. तसंच हालचाली मंदावणं, हातपाय ताठरणं, हात स्वस्थ ठेवला असताना कापणं, तोल जाणं या लक्षणांच्या जुडीला पार्किन्सोनिझम म्हणतात. ती जुडी कशामुळे बांधली गेली हे त्या शब्दावरून कळत नाही. सत्तरीतल्या माणसात ती दिसली तर कारण बहुतेकदा पार्किन्सनचा आजार हेच निघतं, ज्याचं वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केलं. वय २१च्या आत असेल, आणि बऱ्याच अंशी तिशीपर्यंतही, हिशेब बदलतो. कारणांची यादी लांबते, त्यातली बरीचशी जनुकीय असतात, आणि त्यांतली मोजकी अशी असतात की वेळेत सापडली तर माणूस सावरतो.

इतक्या वेगवेगळ्या आजारांत चित्र सारखं का दिसतं? मध्यमेंदूत सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळसर पेशींचा पट्टा असतो. या पेशी डोपामिन बनवतात आणि लांब तंतूंवाटे ते स्ट्रायटम या भागात पोचवतात. एकेका पेशीच्या तंतूला फांद्या फुटत फुटत लाखो ठिकाणी जोड झालेले असतात. एवढा पसारा चालवायला ऊर्जा प्रचंड लागते, म्हणून पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात जरा बिघाड झाला की पहिला फटका यांना बसतो. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी माणसं थोड्या दिवसांत पुतळ्यासारखी गोठली. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट मादक पदार्थात एमपीटीपी नावाचं रसायन मिसळलेलं होतं. विल्यम लँग्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो धागा शोधून काढला, आणि हे रसायन मायटोकॉन्ड्रियावरच घाला घालतं हे पुढे स्पष्ट झालं. डोपामिनचा हा रस्ता कुठेही तुटला, म्हणजे पेशी मेल्या, डोपामिन तयारच झालं नाही किंवा पुढच्या पेशींनी ते स्वीकारलं नाही, तरी बाहेरून दिसणारी चाल जवळपास एकच असते. म्हणून तरुण रुग्णाची नुसती चाल पाहून कारण सांगायला मी धजावत नाही. मी त्याचे डोळे पाहते, पोट चाचपते, टाचेमागची कंडरा दाबून पाहते, आणि तो चालायला कधी लागला, शाळेत कसा होता हे आईला विचारते. तरुणांतला पार्किन्सोनिझम उलगडतो तो बहुधा मेंदूबाहेरच्या खुणांवरून.

तपासण्यांचा क्रम लावताना मी एक नियम पाळते. कोणतं कारण जास्त आढळतं यापेक्षा कोणतं कारण हुकलं तर भरून न येणारं नुकसान होईल, ते आधी. तुमच्या भावाच्या बाबतीतही क्रम असाच असावा.

त्यात पहिला आणि स्वस्तातला प्रश्न औषधांचा. उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारांवरची हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोनसारखी औषधं, चक्कर किंवा अर्धशिशीसाठी दिली जाणारी सिनारिझीन आणि फ्लुनारिझीन, फिटवरचं व्हॅल्प्रोएट, यांपैकी काहीही चालू असेल किंवा गेल्या वर्षभरात घेतलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. स्वतःहून मात्र काही बंद करू नका.

दुसरं नाव विल्सनचा आजार. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण यात एका चुकीचं ओझं मीही वाहते आहे. सॅम्युएल किनिअर विल्सन यांनी १९१२ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. जादा तांबं पित्तावाटे बाहेर काढणारं एटीपी७बी हे जनुक १९९३ साली सापडलं. आई आणि वडील दोघांकडूनही त्याची बिघडलेली प्रत आली तर तांबं यकृतात साचत जातं, आणि यकृताची धारणशक्ती संपली की रक्तावाटे मेंदूत आणि डोळ्यांत उतरतं. साधारण ३०,००० माणसांत एकाला हा आजार असतो असं धरलं जातं. मेंदूची लक्षणं बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतात. बोलणं लडबडतं, लाळ गळते, चेहऱ्यावर ओढून आणल्यासारखं हसू राहतं, हात पुढे धरले की पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडतात. काहींत या सगळ्याच्या आधी चिडचिड, अभ्यासातली घसरण आणि विक्षिप्त वागणं एवढंच दिसतं.

माझ्याकडे फार वर्षांपूर्वी १९ वर्षांचा एक विद्यार्थी आला होता. वागणं बदललं म्हणून त्याला रिस्पेरिडोन सुरू झालं होतं आणि त्यानंतर तो ताठरला होता. औषधाचा परिणाम, असं मी ठरवून टाकलं आणि औषध बदलून वाट पाहायला सांगितलं. तीन महिन्यांनी ताठरपणा तसाच पाहून मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बुबुळाच्या कडेने तांब्याची सोनेरी-तपकिरी कडी स्पष्ट दिसत होती. ते तीन महिने मला अजून बोचतात, कारण त्या काळात त्याचं बोलणं बरंच गेलं आणि पुढे ते पूर्ण परत आलं नाही. त्या दिवसापासून ५० वर्षांखालच्या पार्किन्सोनिझमच्या प्रत्येक रुग्णाची विल्सनसाठी तपासणी मी करतेच, मग दुसरं कारण कितीही पटण्यासारखं असो.

तपासणीत काय हवं ते नीट लिहून ठेवा. एक, स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या सूक्ष्मदर्शकावर, डोळ्यांची तपासणी. गडद डोळ्यांत ही कडी साध्या बॅटरीच्या उजेडात सहसा दिसत नाही, म्हणून "डोळे पाहिले" एवढ्यावर समाधान मानू नका. मेंदूची लक्षणं सुरू झालेल्या बहुतेक रुग्णांत कडी असते, पण सर्वच्या सर्व नाहीत. दोन, रक्तातलं सेरुलोप्लास्मिन, म्हणजे तांबं वाहून नेणारं प्रथिन. हे कमी असेल तर संशय बळावतो, पण शरीरात सूज, गर्भारपण किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या असतील तर ते खोटंच नॉर्मल दिसू शकतं. तीन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं. ते १०० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर विल्सनकडे जोरदार बोट जातं. या तिन्ही तपासण्या मिळून वाचायच्या असतात.

निदान झालं तर उपाय आहे. जॉन वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामिन आणलं, पुढे ट्रायएंटिन आणि जस्ताचे क्षार आले. पेनिसिलामिन एकदम मोठ्या मात्रेत सुरू केलं तर मेंदूची लक्षणं बिघडू शकतात, म्हणून मात्रा हळूहळू चढवतात. औषध आयुष्यभर घ्यावं लागतं. बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडणाऱ्यांचं यकृत अचानक निकामी होऊ शकतं. आणि एका भावंडात आजार सापडला की बाकीच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक. म्हणजे तुमच्या भावाला विल्सन निघाला तर तपासणी तुमचीही, कितीही ठणठणीत असलात तरी.

तिसरं नाव असं आहे ज्यात पेशी मरत नाहीत, तरीही ते या यादीत हवंच. डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया. डिस्टोनिया म्हणजे स्नायू आपोआप आवळून अंग वळणं, पिळवटणं. जपानमधले मासाया सेगावा यांनी हा आजार ओळखला, आणि जीसीएच१ या जनुकाशी त्याचा संबंध १९९४ मध्ये जुळला. यात डोपामिन बनवणाऱ्या एन्झाइमला लागणारा एक सहायक घटक कमी पडतो. कारखाना शाबूत, कच्चा माल मात्र अपुरा. सुरुवात बहुधा लहानपणी पायापासून होते, पाऊल आत वळतं, सकाळी मूल बरं चालतं आणि संध्याकाळपर्यंत लंगडायला लागतं. मुलींत जास्त दिसतो. कित्येक मुलांवर सेरेब्रल पाल्सीचा शिक्का बसतो आणि ती वर्षानुवर्षं व्यायामोपचार घेत राहतात, जेव्हा दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या आसपास लेवोडोपावर ती धावू शकली असती. आणि तो फायदा दशकानुदशकं टिकतो. भावाचं पाऊल वळतं म्हणालात म्हणून विचारते: हे दोन वर्षांतलंच आहे की लहानपणी खेळतानाही तो लवकर दमायचा, पाय ओढायचा? झोपून उठल्यावर किती फरक असतो? या प्रश्नांची उत्तरं आईकडून घ्या, त्याच्याकडून नको. स्वतःच्या चालीची माणसाला सवय होऊन गेलेली असते.

उपचार असलेली आणखी तीन नावं झपाट्याने सांगते. मँगेनीज शरीराबाहेर काढणाऱ्या एसएलसी३०ए१० या जनुकात दोष असेल तर मँगेनीज मेंदूत आणि यकृतात साचतं. अशा रुग्णाच्या रक्तात तांबड्या पेशी नेहमीपेक्षा जास्त असतात. म्हणजे साध्या रक्तगणनेत 'हिमोग्लोबिन १८' असा आकडा दिसला तर कौतुक करण्याऐवजी थबकायला हवं. यावर मँगेनीज काढून टाकणारी औषधं आहेत. दुसरा सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस. नाव अवघड, गोष्ट मात्र लक्षात राहण्यासारखी: लहानपणी कारण न सापडलेले जुलाब, शाळकरी वयात मोतीबिंदू, तरुणपणी टाचेमागच्या कंडरेवर गाठी, आणि मग चाल बिघडणं. कीनोडिऑक्सिकॉलिक ॲसिड लवकर सुरू केलं तर पुढचं बरंच टळतं. तिसरा नीमन-पिक सी. यात नजर वरखाली झटकन हलवता येत नाही, प्लीहा वाढलेली असू शकते, बाळपणी कावीळ रेंगाळलेली असते, आणि खळखळून हसताना अंगातली ताकदच जाऊन माणूस खाली बसतो. रक्ततपासणीतून आता संशय पक्का करता येतो. मिग्लुस्टॅट हे औषध बरीच वर्षं वापरात आहे, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी आणखी दोन औषधांना मान्यता मिळाली.

एवढं सगळं बाजूला सारल्यावर, तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून माझा संशय ज्याच्याकडे जातो ते जनुक म्हणजे पार्किन. न तपासता निदान सांगणं बरोबर नाही, पण कुठे पाहायचं हे सांगता येतं.

जपानमध्ये यामामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये काही कुटुंबांचं वर्णन केलं. तरुण वयातला पार्किन्सोनिझम, पाऊल वळणं, आणि झोपेनंतर लक्षणांत स्पष्ट उतार. १९९८ मध्ये जपानमधल्याच संशोधकांनी अशा कुटुंबांतलं जनुक शोधलं आणि त्याला पार्किन नाव दिलं. पुढे २००३ मध्ये डीजे-१ आणि २००४ मध्ये पिंक१ सापडलं. पार्किन आणि पिंक१ एकाच कामावर असतात. पेशीत एखादं मायटोकॉन्ड्रियन खराब झालं की पिंक१ त्याच्यावर खूण करतं आणि पार्किन त्याला मोडीत काढण्यासाठी पाठवतं. दोघांपैकी एक गैरहजर असलं की मोडकं सामान पेशीतच साचत राहतं, आणि वर म्हटलेल्या त्या ऊर्जाभुकेल्या पेशी आधी हार मानतात.

पार्किनच्या रुग्णाचं चित्र बऱ्यापैकी ओळखीचं असतं. सुरुवात पायापासून, कित्येकदा पावलाच्या डिस्टोनियाने. झोपून उठलं की तासभर बरं. वास घेण्याची क्षमता शाबूत, जी म्हातारपणीच्या पार्किन्सनमध्ये बहुधा आधीच गेलेली असते. बुद्धी शाबूत. लेवोडोपाच्या छोट्या मात्रेलाही उत्तम प्रतिसाद, पण अंग आपोआप वळवळण्याचा त्रासही, ज्याला डिस्किनेसिया म्हणतात, लवकर येतो. आजार अतिशय हळू सरकतो. वीस-तीस वर्षांनंतरही स्वतःचं स्वतः करणारी, नोकरी करणारी, मुलं वाढवणारी माणसं मी पाहिली आहेत. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण 'मेंदूच्या पेशी मरतात' हे ऐकल्यावर घरात जो काळोख पसरतो, तो या आजाराच्या बाबतीत खराखुरा हिशेब नाही.

आता ज्यांचा हिशेब जास्त कठीण आहे त्या आजारांकडे. यांत पार्किन्सोनिझम एकटा येत नाही, आणि ओळख पटते ती सोबतच्या लक्षणांवरून.

जॉर्डनमधल्या कुफोर-राकेब या गावाच्या नावाने ओळखला जाणारा आजार १९९४ मध्ये वर्णिला गेला. त्याचं जनुक एटीपी१३ए२. सुरुवात साधारण १२ ते १६ वयात. नजर वर जात नाही, पाय स्पॅस्टिक होतात, म्हणजे स्नायू सतत आवळलेले राहतात, चेहऱ्यावर आणि बोटांवर बारीक दचके दिसतात, विचारशक्ती घसरते. लेवोडोपा सुरुवातीला काम करतं, पण भास लवकर होऊ लागतात. पीएलए२जी६ या जनुकाचा दोष तान्ह्या मुलांत फार तीव्र आजार घडवतो, आणि त्याच जनुकातले सौम्य बदल विशीत डिस्टोनिया-पार्किन्सोनिझम म्हणून प्रकट होतात. यात मानसिक लक्षणं पुढे असतात, एमआरआयवर लहान मेंदू आक्रसलेला दिसू शकतो, आणि उतरण पार्किनपेक्षा बरीच वेगवान असते. एफबीएक्सओ७ मध्ये ताठरपणासोबत स्पॅस्टिक पाय. डीएनएजेसी६ आणि सिनॅप्टोजॅनिन१ या जनुकांचं काम डोपामिनच्या पिशव्या पुन्हा वापरात आणण्याचं. त्यांच्या दोषात लक्षणांची सुरुवात खूप लवकर, काहींत फिटही. हातापायांचा स्पॅस्टिकपणा, बौद्धिक घसरण आणि एमआरआयवर पातळ कॉर्पस कॅलोझम (मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पट्टा) एकत्र दिसले तर एसपीजी११ हे जनुक आठवावं.

लोह साचण्याच्या आजारांचा एक वेगळा गट आहे. पॅंक२ जनुकाच्या दोषात ग्लोबस पॅलिडस या भागात लोह जमतं आणि एमआरआयवर काळ्या वर्तुळात पांढरा ठिपका दिसतो, ज्याला वाघाचा डोळा म्हणतात. किशोरवयात सुरू होणाऱ्या प्रकारात अडखळतं, पुन्हापुन्हा तेच शब्द उच्चारणारं बोलणं आणि वागण्यातला बदल आधी दिसतो. हा आजार पूर्वी हॅलरवोर्डन आणि स्पॅट्झ या दोन जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखला जायचा. नाझी राजवटीत ठार केलेल्या रुग्णांचे मेंदू हॅलरवोर्डन यांनी संशोधनासाठी वापरले होते, हे उघड झाल्यावर ते नाव सोडून देण्यात आलं. जुन्या रिपोर्टवर ते दिसलं तर गोंधळू नका, आणि नवीन रिपोर्टवर ते लिहू नये असं मला मनापासून वाटतं. डेफेरिप्रोन या लोह काढणाऱ्या औषधाने मेंदूतलं लोह कमी झालं, पण रुग्णाच्या स्थितीत तसाच ठोस फरक चाचणीत सिद्ध झाला नाही.

याच गटात डब्ल्यूडीआर४५ या जनुकाचा आजार येतो, बहुतेक मुलींत. लहानपणी विकास मागे, फिट, बोलणं कमी, आणि मग पुष्कळ वर्षं सगळं एका जागी थांबलेलं. किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत ती मुलगी अचानक ताठरू लागते. आई म्हणते, "ती पहिल्यापासून अशीच आहे, पण आता काहीतरी वेगळं झालंय." त्या वाक्यातल्या 'आता'कडे लक्ष दिलं तर निदान होतं. जुन्या मंदत्वाच्या शिक्क्याखाली नवा आजार दडपला जाणं हे मी अनेकदा पाहिलं आहे.

हंटिंग्टनच्या आजाराबद्दल वेगळं बोलायला हवं. मोठ्यांत तो अंगाच्या नाचऱ्या हालचालींनी ओळखला जातो, पण २० वर्षांच्या आत सुरू झाला तर उलट ताठरपणा आणि मंदपणा दिसतो, सोबत शाळेतली घसरण आणि काहींत फिट. एचटीटी जनुकातली सीएजी ही तीन अक्षरं अशा मुलांत बहुधा ६० पेक्षा जास्त वेळा गिरवलेली असतात, आणि ही वाढ जास्त करून वडिलांकडून येताना होते. वडिलांना स्वतःला अजून काहीच जाणवत नसेल, असंही घडतं. म्हणजे मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट हा वडिलांचाही रिपोर्ट असतो, आणि त्यांनी तो मागितलेला नसतो. म्हणून ही तपासणी जनुकीय समुपदेशनाशिवाय करू नये, आणि लक्षणं नसलेल्या लहान भावंडांची तर नाहीच. कुटुंबात कुणाला वेड लागलं होतं, कुणी आत्महत्या केली, कुणी तरुणपणी 'नसांच्या आजाराने' गेलं, हे सांगायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे. तरी सांगा.

आता तुमच्या 'नॉर्मल एमआरआय'कडे येते. त्याची सीडी घेऊन पुन्हा वाचून घ्या. लोह पाहायला एसडब्ल्यूआय किंवा तत्सम क्रमाची चित्रं लागतात, मँगेनीज टी१ चित्रांवर उजळ दिसतं, आणि विल्सनचे बदल टी२ वर. रेडिऑलॉजिस्टला पाठवलेल्या चिठ्ठीवर फक्त 'डोकेदुखी' किंवा 'अशक्तपणा' लिहिलं असेल तर त्याने हे शोधायचं तरी का? चिठ्ठीवर वय आणि 'पार्किन्सोनिझम' लिहिलेलं हवं. पार्किनमध्ये मात्र साधा एमआरआय खरोखरच नॉर्मल असतो, त्यामुळे नॉर्मल येण्याने काही बिघडलं असं नाही. डॅट स्कॅन सुचवला गेला तर त्याची मर्यादा समजून घ्या: डोपामिनच्या तंतूंची हानी झाली आहे का एवढं तो दाखवतो. डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनियात आणि औषधांमुळे झालेल्या पार्किन्सोनिझममध्ये तो नॉर्मल येतो, आणि तिथेच त्याचा खरा उपयोग. पार्किन, पीएलए२जी६ आणि नेहमीचा पार्किन्सन यांत तो फरक करू शकत नाही.

जनुकीय तपासणी करण्याआधी दोन गोष्टी विचारा. पार्किनमधले दोष पुष्कळदा जनुकाचा आख्खा तुकडा गळण्याचे किंवा दुप्पट होण्याचे असतात. अक्षरं वाचणाऱ्या नेहमीच्या तपासणीत ते निसटू शकतात. "तुकडे गळणं आणि दुप्पट होणं यासाठी वेगळी तपासणी केली का?" हा प्रश्न लॅबला आणि डॉक्टरांना विचाराच. हंटिंग्टनच्या आणि एससीए२, एससीए३ या लहान मेंदूच्या आनुवंशिक आजारांच्या पुनरावृत्तीसाठीही वेगळी तपासणी लागते. दुसरं, रिपोर्टमध्ये 'अर्थ अनिश्चित असलेला बदल' असं लिहून आलं तर त्याला निदान समजू नका. अप्रभावी (रिसेसिव्ह) आजारात आई आणि वडील दोघांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असाव्या लागतात. एकाच प्रतीत दोष सापडून तपासणी थांबली असेल तर काम अर्धवट आहे. आईवडिलांचं रक्त मिळालं तर अशा रिपोर्टचा अर्थ लावणं पुष्कळ सोपं जातं. आणि आईवडील निरोगी आहेत, घराण्यात कुणाला नाही, म्हणून आजार जनुकीय नसणार, असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे. अप्रभावी आजारांत बहुतेकदा असंच असतं. आईवडिलांचं आपसात नातं असेल तर शक्यता आणखी वाढते.

आता लेवोडोपा. 'लवकर घेतलं तर संपून जातं' ही समजूत फार माणसांचे फार महिने खाऊन बसली आहे. लेवोडोपा लवकर सुरू करणं आणि उशिरा सुरू करणं यांची तुलना करणाऱ्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ८० आठवड्यांनंतर दोन्ही गट सारखेच होते. लवकर घेतल्याने आजार थांबला नाही, आणि बिघडलाही नाही. तरुणांत डिस्किनेसिया लवकर येतात हे खरं, म्हणून मात्रा कमीत कमी ठेवायची. पण भावाला लिहिता येत नसेल, नोकरीवर जाता येत नसेल, तर ती वर्षं राखून ठेवण्यात काय मिळणार? शिवाय या वयात लेवोडोपाची व्यवस्थित चाचणी हा तपासणीचाही भाग आहे. अगदी थोड्या मात्रेने नाट्यमय फरक पडला तर तो सेगावांच्या डिस्टोनियाकडे किंवा पार्किनकडे इशारा असतो. पुरेशी मात्रा पुरेसे दिवस देऊनही काहीच हललं नाही तर विल्सन आणि लोहाच्या गटाकडे पुन्हा वळायचं. फक्त स्लिट लॅम्प आणि तांब्याच्या तपासण्या त्याआधी किंवा त्याच आठवड्यात उरकून घ्या. आणि एकदा सुरू केल्यावर गोळ्या एका फटक्यात कधीही बंद करू नका.

डॉक्टरांनी लेवोडोपाऐवजी प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल दिलं तर घरात एकाने लक्ष ठेवायचं. या औषधांवर काही तरुणांना जुगाराची, खरेदीची, खाण्याची किंवा लैंगिक वागण्याची अनावर ओढ लागते आणि ते लाजेने लपवतात. हा औषधाचा परिणाम आहे, स्वभावाचा दोष नाही, हे त्याला सुरू करण्याआधीच सांगून ठेवा म्हणजे तो वेळेवर बोलेल. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय कुणी इतक्यात काढला तर थांबवा. पार्किनमध्ये तिचा चांगला उपयोग होतो, पण जिथे बुद्धी घसरणार आहे अशा आजारांत ती सहसा टाळावी लागते, आणि कोणता आजार आहे हे अजून ठरलेलं नाही.

पुढच्या भेटीला जाताना तीन गोष्टी सोबत न्या. मोबाइलवर काढलेले दोन व्हिडिओ, एक सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या चालतानाचा, एक संध्याकाळचा, दोन्हीत पावलं दिसतील असे. सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या, जुन्यासुद्धा. आणि त्याच्या दहावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या वह्या. अक्षर कोणत्या वर्षापासून आक्रसत गेलं ते त्या वह्यांत तारखेनिशी सापडतं, आणि 'दोन वर्षांपासून' म्हणून सांगितलेला आजार कधी कधी आठ वर्षांपूर्वीच्या वहीत सुरू झालेला असतो.